बूयाच्या हंड्यात भरलेली उसण

नॉर्बर्ट डेलफॉस दारू पीत नाही. त्याने तसं डॉक्टरला सांगितलं तेव्हा तो खोटं बोलत नव्हता. पुढचा सगळा घोळ झाला तो त्या खरेपणामुळेच.

आधी माणूस कोण ते सांगतो. ग्रीन बे शहराच्या वरच्या अंगाला, बेल्जियमहून आलेल्यांची पतवंडं अजून गाई पाळतात त्या भागात, सेंट ओडीलचं चर्च आहे. सप्टेंबरात पिकं निघाली की तिथे केर्मिसची जत्रा भरते, आणि केर्मिस म्हणजे बूया. कोंबड्या, बैलाच्या शेपट्या, गाजर, कोबी, बटाटे, वाटाणे आणि पोतंभर कांदा, हे सगळं दोनशे लिटरच्या हंड्यात, लाकडांच्या जाळावर, सात तास रटरटवायचं. बायकांनी आत हॉलमध्ये चिरायचं आणि पुरुषांनी बाहेर ढवळायचं, अशी तिथली रीत. ती कुणी घातली हे कुणाला माहीत नाही, आणि मोडायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

नॉर्बर्ट अडतीस वर्षं बूयाचा मुख्य. चीज कारखान्यातून तो निवृत्त झाला, दोन्ही गुडघे बदलून झाले, वय त्र्याहत्तर झालं, पण हंड्यातलं ते होडीच्या वल्ह्याएवढं लाकडी वल्हं त्याने दुसऱ्याच्या हातात दिलं नाही. शेजारचा विल्फ्रेड वीस वर्षं त्याचा मदतनीस आहे. वीस वर्षांत त्याला लाकडं टाकायला मिळाली आणि बिअर आणून द्यायला मिळाली. नॉर्बर्टची बायको लॉरेन ही अडतीसही वर्षं कांदे चिरत आली. तिचं नाव बूयाच्या संदर्भात कुणी घेत नसे, आणि नॉर्बर्ट तर मुळीच नाही.

यंदा केर्मिसच्या आधीच्या मंगळवारी हा गृहस्थ एकटाच शेडमधून हंडा काढायला गेला. चौघांनी उचलायची वस्तू. विल्फ्रेड जेवून येतो म्हणाला होता, पण तेवढा दम कुणाला! त्याने हंड्यात वाकून तळाची कडी धरली, हिसका दिला, आणि पाठीत अशी उसण भरली की ब्रह्मांड आठवलं. धड खाली होईना, वर होईना. डोकं हंड्यात आणि बूड शेडच्या दाराकडे, अशा अवस्थेत तो ओरडू लागला.

लॉरेन कपडे वाळत घालत होती. तिला वाटलं, गाय व्यायली की काय. पण गाई विकून नऊ वर्षं झाली होती. मग ती शेडकडे आली.

"नॉर्ब, तू आत काय करतोयस?"

"हंडा तपासतोय!" हंड्यातून आवाज घुमला.

"तपासून झाला की बाहेर ये."

"येता येत नाहीये, बाई! पाठ गेली माझी!"

विल्फ्रेड आल्यावर दोघांनी त्याला आडवाच्या आडवा काढला आणि ट्रकच्या मागच्या बाजूला चाऱ्याच्या गासडीसारखा ठेवला. दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता, दक्षिणेकडून नवाच आलेला. त्याने पाठ दाबून पाहिली, पाय उचलून पाहिले, हाडाला काही झालेलं नाही, स्नायू आखडलेत, असं सांगितलं. स्नायू सैल करणारी गोळी लिहून दिली: कमी ताकदीची, झोपताना एक, फार तर सात रात्री. गोळी चालू असताना गाडी चालवायची नाही, यंत्राला हात लावायचा नाही, दारू घ्यायची नाही. शेक घ्या, पडून राहू नका, थोडं थोडं चाला. आणि त्याने विचारलं, "दारू पिता का?"

"नाही," नॉर्बर्ट म्हणाला.

आता हे समजून घ्या. त्या मुलखात दारू पिणारा म्हणजे जो घरात पडदे ओढून एकटा व्हिस्कीची बाटली घेऊन बसतो तो. बिअर ही दारू नव्हे. बिअर ही बिअर आहे. आणि शुक्रवारी तळलेल्या मासळीच्या आधी साखर, संत्र्याची फोड आणि चेरी घालून जो ब्रँडीचा पेला येतो, तो तर जेवणाचा भाग. लॉरेन शेजारीच बसली होती. तिलाही उत्तर बरोबरच वाटलं.

गोळीने गुण येत होता. बुधवारी रात्री त्याला झोप लागली, गुरुवारी तो भिंत धरून अंगणात दोन फेऱ्या मारून आला. पण रविवार जवळ येत होता आणि वल्हं उचलायला गेलं की पाठ लाकडासारखी ताठ व्हायची. शुक्रवारी दुपारी त्याने हिशोब केला. रात्री एक घेतली तर एवढं बरं वाटतं, मग दिवसा आणखी एक घेतली तर दुप्पट बरं वाटेल. डॉक्टर तरुण आहे, भित्रा आहे, बूया म्हणजे काय हे त्याला कुठे माहीत! चार वाजता त्याने लॉरेनच्या देखत एक गोळी तोंडात टाकली. सहा वाजता लॉरेन गाडी चालवत त्याला शुक्रवारच्या मासळीला गावच्या खानावळीत घेऊन गेली. तिथे त्याने दोन पेले ब्रँडी घेतली, नेहमीसारखी.

मासे यायच्या आत त्याने कोबीच्या कोशिंबिरीत डोकं ठेवलं.

पहिली दोन मिनिटं कुणाला काही वाटलं नाही. लॉरेन म्हणाली, "नॉर्ब, चष्मा तरी काढ." मग त्याला हलवलं तर तो हलेना. समोरच्या टेबलावरच्या बाईने क्रूस केला. कुणी तरी म्हणालं, गेला. शेजारच्या टेबलावरचा विल्फ्रेड रडायला लागला आणि रडता रडता, आता रविवारचं काय, असंही म्हणाला. दोन टेबलांपलीकडे औषधाच्या दुकानातली इव्हेट बसली होती. नॉर्बर्टचा जुना दोस्त मार्सेल, त्याची ती मुलगी. लहानपणापासून नॉर्बर्टच्या बूयावर वाढलेली. ती उठली, तिने त्याचं तोंड कोशिंबिरीतून बाहेर काढून पुसलं, कुशीवर वळवलं आणि घड्याळ धरून त्याचे श्वास मोजले.

"काकू, गोळी किती वाजता घेतली? आणि हे पेले किती?"

लॉरेनने सांगितलं तशी इव्हेट ओरडली, "अँब्युलन्स बोलवा!"

अँब्युलन्सवाले चौघे पलीकडच्याच टेबलावर मासे खात होते. ते गावातलेच, हौसेने काम करणारे. त्यांनी काटे खाली ठेवले, तोंडं पुसली आणि स्ट्रेचर आणायला धावले. एकाने जाता जाता बटाटा तोंडात टाकला. त्याबद्दल गाव त्याला अजून बोलतं. इस्पितळात नॉर्बर्टला चार तास नजरेखाली ठेवलं आणि घरी सोडलं. कानात थोडा कोबी राहिला होता, एवढंच.

शनिवारी सकाळी इव्हेटने त्याला दुकानात बोलावलं आणि काउंटरच्या आतल्या खुर्चीवर बसवलं.

"काका, डॉक्टरांना दारू पीत नाही असं का सांगितलंत?"

"कारण पीत नाही."

"बरं. मासळीच्या आधी काय असतं?"

"ब्रँडी."

"आणि बूया ढवळताना?"

"बिअर. उकाडा असतो ना जाळापाशी."

"किती?"

नॉर्बर्टने बोटं मोजली. एक हात संपला, दुसरा घेतला. "आठ. पण सात तासांत! आणि ते पिणं नव्हे, इव्हेट, ते काम आहे."

"काका, तुमची गोळी हे काही विचारत नाही. ती झोप आणते, बिअरही झोप आणते, दोघी मिळून श्वाससुद्धा मंद करतात. तुमच्या वयात नुसत्या गोळीनेही तोल जातो. एकाच्या जागी दोन घेतल्या म्हणून स्नायू दुप्पट सैल होत नाहीत, माणूस सैल होतो. आणखी काय काय घेता?"

"काही नाही."

"काका."

"ती सर्दीची गोळी. झोपेसाठी. पण ती मी सर्दी नसताना घेतो, म्हणजे ती मोजायची नाही."

इव्हेटने डोळे मिटले. ती मार्सेलची मुलगी होती म्हणून, नाही तर त्या क्षणी तिने दुकान बंद केलं असतं. तिने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: सर्दीची गोळी बंद. बिअर बंद, ब्रँडी बंद, गोळ्या संपेपर्यंत. रात्री एकच. दिवसा नाही. कालच्या प्रकारानंतर आज रात्रीही नाही, डॉक्टरांशी मी बोलते, पुढचं ते सांगतील. मग तिने विचारलं, "ही गोळी कुणाला दिलीत का?"

"विल्फ्रेडला एकच. त्याची मान धरली होती. शेजारी आहे, नाही कसं म्हणणार?"

"विल्फ्रेडकाकांना रक्तदाबाची, हृदयाची कुठली औषधं आहेत माहीत आहे तुम्हाला? मला माहीत आहे!" तिने तिथूनच फोन लावला. विल्फ्रेडने गोळी शर्टाच्या खिशात ठेवली होती आणि बायकोने शर्ट धुतला होता. त्या कुटुंबात त्या दिवशी सैल झाला तो शर्टच.

नॉर्बर्ट उठला आणि एवढा वेळ जे विचारायचं टाळत होता ते विचारलं. "उद्या मी ढवळू शकेन ना?"

"नाही," इव्हेट म्हणाली. "गोळी घेऊन उकळत्या हंड्यापाशी उभं राहायचं नाही, तुम्ही आत पडाल. गोळी न घेता ढवळलंत तर पाठ पुन्हा धरेल. बाहेर खुर्ची टाकून बसा, मी काही म्हणत नाही."

तो गाडीत जाऊन बसला. त्याला पाठीची भीती नव्हती. त्याला भीती होती ती एवढीच, की वल्हं दुसऱ्याच्या हातात गेलं आणि बूया जमला, तर अडतीस वर्षं आपण काय केलं? हे तो कुणाला सांगणार नव्हता. लॉरेन गाडी चालवत होती, तिला न सांगताच कळलं असावं.

"कोण ढवळेल मग?" ती म्हणाली.

"विल्फ्रेड जाळून टाकेल."

"मी ढवळते."

नॉर्बर्टला हसू आलं. हसण्याने पाठीत अशी चमक गेली की त्याने दाराची मूठ धरून आईला हाक मारली. लॉरेनने घरी गेल्यावर गोळ्यांची बाटली स्वतःच्या ॲप्रनच्या खिशात घातली, कारण नवऱ्याला ती ओळखून होती. पहाटे एखादी गोळी मारून वल्हं पकडायचं, असं त्याच्या मनात होतंच.

रविवारी पहाटे चारला जाळ पेटला. नॉर्बर्ट घडीच्या खुर्चीवर, पाठीशी गरम पाण्याची पिशवी, हातात लिंबू सरबत. विल्फ्रेडने सवयीने बिअर आणली आणि लॉरेनने ती त्याच्या हातून काढून लाकडांमागे ठेवली. मग तिने वल्हं उचललं. जमलेले पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. एक म्हणाला, "काकू, बायका आत चिरतात." लॉरेनने त्याच्या हातात सुरी दिली आणि हॉलकडे बोट दाखवलं. तो गेला. आतून अर्धा तास त्याचं नाक ओढणं ऐकू येत होतं.

नॉर्बर्ट खुर्चीतून हुकूम सोडू लागला. "तळापासून घे! डावीकडून! शेपट्या आधी!" लॉरेन त्याने सांगायच्या आधीच सगळं करत होती. मसाल्याची पुरचुंडी कधी सोडायची ते तिला माहीत. कोबी कधी पडतो ते माहीत. ती वल्हं कमरेने फिरवत होती, पाठ न वाकवता. अडतीस वर्षांत नॉर्बर्टला हे सुचलं नव्हतं.

नऊच्या सुमाराला त्याला एकदम आठवलं. "मीठ! लॉरेन, मीठ राहिलं!"

"घातलं."

"केव्हा? मी घातलेलं नाही!"

"तू कधीच घालत नाहीस, नॉर्ब." ती ढवळतच होती. "दरवर्षी नऊ वाजता तू न्याहारीला जत्रेच्या तंबूत जातोस, तेव्हा मी कांद्यांची बादली घेऊन येते आणि मीठ घालते. मिरीही. लिंबूही. एका वर्षी तू पुरचुंडी आत सोडायला विसरला होतास, तीही मीच सोडली."

विल्फ्रेड लाकडं रचण्यात फारच गुंतला. त्याला हे माहीत होतं हे त्याच्या पाठीवरून दिसत होतं.  नॉर्बर्टला राग आला, मग लाज वाटली, आणि लाज जास्त होती. दोन तास त्याने एकही हुकूम सोडला नाही.

अकराला चर्च सुटलं आणि रांग लागली. प्रत्येकाच्या हातात आइस्क्रीमची रिकामी बादली, घरी न्यायला. रांगेत पहिली फिलोमीन बोदवँ, वय एक्क्याण्णव. पहिला मान तिचाच असतो. तिने वाडग्यातून एक घोट घेतला, डोळे मिटले आणि नॉर्बर्टच्या खुर्चीकडे वळून मोठ्याने म्हणाली, "नॉर्बर्ट, यंदाचा बूया तुझा सगळ्यांत चांगला!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. लॉरेनने वल्हं थांबवलं नाही, वर पाहिलंही नाही. 'आभारी आहे' एवढंच नॉर्बर्टने म्हणायचं होतं. अडतीस वर्षं तो तेच म्हणत आला होता. नॉर्बर्ट खुर्चीचे हात धरून हळूहळू उभा राहिला.

"मी नाही केला," तो म्हणाला. "लॉरेनने केलाय. दरवर्षी तीच करते. मी नुसता ढवळतो."

 फिलोमीनने आणखी एक घोट घेतला.

"अरे, ते आम्हाला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुला कधी कळतं त्याचीच वाट बघत होतो."

नॉर्बर्टने रांगेवर नजर फिरवली. शंभर एक माणसं असतील. एकाच्याही तोंडावर आश्चर्य नव्हतं. लॉरेनने आता वर पाहिलं होतं, आणि तिचे डोळे भरले होते. धुराने, असं ती नंतर म्हणाली. नॉर्बर्टने टेबलावरून एक रिकामा वाडगा उचलला, कमरेला हात लावून सगळ्या रांगेच्या कडेने चालत मागे गेला आणि शेवटच्या माणसामागे उभा राहिला.