रंग तिने पाहिले, सांगितले मी

हसनाबादेत आमची गल्ली सोडली, तर अजूनही लोक समजतात की माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुसत्या थेंबांवर झालं आणि सुई लागली ती माझ्या बायकोला. खरं उलटं आहे. हे ओझं आता उतरवतो.

आम्हा दोघांचं ऑपरेशन जालन्यात एकाच दिवशी झालं. थेंब टाकून डोळा बधिर करायची पद्धत तेव्हा नवीच होती. रोग्यानं फक्त दिव्याकडे एकटक पाहायचं. पहिला नंबर माझा. मी दिव्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या टोपीकडे, मग नर्सच्या हाताकडे.

"बाबा, लग्नाला आलात का? डोळा हलवू नका!" डॉक्टर ओरडले.

शेवटी डोळ्याखाली सुई टोचली. मुंगी चावावी तेवढंच दुखलं. डोळा जड झाला, अंधार पडला आणि मी चक्क घोरलो. बायको मात्र थेंबांवर दगडासारखी निश्चल राहिली.

परतताना एसटीत ती हरखून सांगत होती, "आधी तीन दिवे दिसले. मंग निळं पाणी फिराय लागलं, त्यात गुलाबी!"

गावात लोकांनी विचारलं, तर तेच निळं पाणी माझ्या तोंडून वाहू लागलं. माझी सुई मी तिला देऊन टाकली. ती शेजारी बसून तांदूळ निवडत राहिली.

पुढे धाकट्या भावाची पाळी आली. त्याला कमी ऐकू येतं. डॉक्टर म्हणाले, सूचना ऐकू आल्या नाहीत आणि डोळा हलला तर धोका. यांना इंजेक्शनच बरं. घरी येताच भाऊ बिथरला.

"दादानं थेंबावर केलं. मी काय बाई हाय का सुई घ्यायला? ऱ्हातो आंधळा!"

त्याचा डोळा जाईल या भीतीनं मी त्याच्या कानाशी ओरडलो, "अरे, सुई मी घेतली! थेंब तुझ्या वहिनीचे!"

त्याला ऐकू आलं. सगळ्या गल्लीलाही.

भाऊ हसून हसून खाटेवरून घसरला. इंजेक्शन घेऊन परत आला तेव्हा दारातूनच म्हणाला, "दादा, मी बी घोरलो!"

त्या संध्याकाळी बाया बायकोभोवती जमल्या. तिनं दिवे सांगितले, निळं पाणी सांगितलं. "आन् शेवटी सगळं मोरपिसासारखं हिरवं झालं."

मी दारातून म्हणालो, "हे मला कधी सांगितलं नाहीस?"

"अहो, म्हणलं, एवढं तरी माझ्याकडं राहू द्यावं."