आधी ओळख

शहागडच्या हायवेवर कापसाचं गोदाम असलेले आमचे शेठकाका आलेल्या माणसाची ओळख आधी कुत्र्याशी करून देत आणि मग चहा सांगत. बडा व्यापारी असो की हमाल, पहिल्यांदा येणाऱ्याला फाटकाबाहेर थांबावंच लागे. दिवाण नावाचा तो कुत्रा चांगला वासराएवढा होता. त्यामुळे आत घुसायची घाई कुणीच करत नसे.

मी नवी सून म्हणून शेजारच्या वस्तीवर आले, तेव्हा सासरच्या निम्म्या गोतावळ्याशी माझी कुणी ओळखही करून दिली नव्हती. शेठकाकांनी मात्र दुसऱ्याच दिवशी मला फाटकाशी उभं केलं. कुत्र्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "दिवाण, ह्या शेजारच्या सूनबाई. आपल्याच हायेत." मग माझ्याकडे वळून, "हात पुढं करू नका. त्यालाच जवळ येऊ द्या." दिवाणने माझ्या चपलांचा, पदराचा, हातातल्या डब्याचा सावकाश तपास केला. इतक्या आस्थेने माझी चौकशी माहेर सुटल्यापासून कुणी केली नव्हती.

काकांचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण काकांचं बोलणं आमच्याहून मराठवाडी. घरात कांदासुद्धा न चालणारा हा माणूस कुत्र्याची भाकरी दुधात स्वतः कुस्करी. लिंबाखाली पत्र्याचं छप्पर, मातीचा उंच ओटा आणि पाण्याची दगडी डोणी, असा दिवाणचा थाट होता. उन्हाळ्यात पत्र्यावर ओली पोती पडत. लस टोचायला अंबडला न्यायचा, तर काका टेम्पोत मागे त्याच्याशेजारी बसत आणि रस्ताभर लोकांचे रामराम घेत. साखळीचा विषय काढला की बिघडत. "दिवसभर बांधून ठेवलं तर माणूसबी चावंल. कुंपण आपलं मजबूत पाहिजे."

आणि एकदा तेच कुंपण उघडं राहिलं. काका जेवायला गेलेले, फाटक लोटायचं विसरले, आणि एका ट्रकचा क्लीनर सरळ आत शिरला. दिवाणने त्याची पोटरी धरली. घटकाभरात माणसं जमली. आमच्याकडे नकोशा कुत्र्यांचा निकाल ठरलेला असे: ट्रकमध्ये घालायचं आणि गोदावरीच्या पुलापल्याड सोडून द्यायचं. ड्रायव्हरने ट्रकचा मागचा फाळकासुद्धा खाली पाडला होता.

काका आडवे उभे राहिले. "त्या पोराची वळख करून दिल्ती का कुणी? न्हाई. फाटक कुणी उघडं टाकलं? मी. मंग मला सोडा पुलापल्याड, चला." एवढ्या जाडजूड शेठला ट्रकमध्ये चढवणार कोण! लोक हसले आणि पांगले. त्या क्लीनरला मात्र काकांनी प्रत्येक इंजेक्शनला स्वतः अंबडला नेलं, आणि बरा झाल्यावर फाटकाशी आणून रीतसर ओळखही करून दिली. त्यानंतर फाटकाची कडी ते दुसऱ्या कुणाच्या हाताने लावू देत नसत.

पुढे मुलं पुण्याला स्थिरावली. गोदाम विकलं गेलं. काकांना मुलांकडे जाणं भागच होतं. पण फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. "उघड्यावर वाढलेलं जनावर. त्याला गॅलरीत कोंडून मी कुठलं पुण्य घेऊ?" म्हणायचे. त्यांची झोप उडाली होती. मग त्यांनी दिवाणला रोज आमच्या वस्तीवर आणायला सुरुवात केली. आधी सोबत बसत, नंतर त्याला ठेवून चक्कर मारून येत. सासूबाई म्हणाल्या, "हे धूड खाईल किती!" पण आठवड्याभरात भाकरी त्याच टाकू लागल्या. काका पुण्याला गेले त्या दिवशी दिवाण आमच्या फाटकाशी संध्याकाळपर्यंत बसून होता. त्याला पाहून मला रडू आवरेना.

वर्षाने काका एसटीने आले. दिवाण म्हातारा झाला होता, नजर मंदावली होती. फाटकाशी कुणी उभं दिसताच तो गुरगुरला. मी आतूनच ओरडले, "या की शेठकाका! तुमचाच कुत्रा हाय."

काकांनी कडीला हात लावला नाही. "न्हाई सूनबाई. आता राखण तुमची, कुत्रा तुमचा. आधी वळख करून द्या माझी."

मी दिवाणच्या मानेवर हात ठेवला. "दिवाण, हे शेठकाका," एवढंच बोलले. तोवर वारा फिरून काकांचा वास आत आला होता. दिवाणचं शेपूट फाटकाच्या पत्र्यावर दणादण वाजू लागलं. काका बाहेर हात जोडून, डोळे पुसत, तसेच थांबले होते.

"पुरं बोला," ते म्हणाले.

"आपलेच हायेत," मी म्हणाले, आणि कडी काढली.