भाडं थकलं की हिरा वर जायची

हिरा गेल्याचं मला घरमालकांच्या सुनेनं सांगितलं, नळावर. "आजी, हिरामावशी गेल्या हो... पहाटे, दवाखान्यात." असं म्हणून ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. हंडा भरून वाहत होता, मी नळ बंद केला. माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की मी गेले तर ही अशी रडेल का? खोटं कशाला लिहू.

द्वारका चौकाजवळच्या चाळीत आमच्या दोघींच्या खोल्यांत भिंत एकच. मालक वरच्या मजल्यावर राहायचे. हिराचा नवरा दुसऱ्याचा टेम्पो चालवायचा. द्राक्षांच्या हंगामात पैसा, पावसाळ्यात ठणठणाट. आमचे हे सातपूरला कारखान्यात, पगार ठरलेला. आमचं भाडं तारखेला पोचायचं, हिराचं दर पावसाळ्यात थकायचं. आणि तरी मालकीणकाकूंकडे चहा कोणाला? हिराला! माझ्या हातात जिन्यातच पावती पडायची आणि दार लागायचं. वेळेवर देणारी दारात उभी आणि थकवणारी आत बसलेली, हा कुठला न्याय?

तिची रीत अशी, की पैसे जमत नाहीत असं दिसलं की तारीख यायच्या आधीच ती स्वतः वर जायची. जमले असतील तेवढे पुढे ठेवायची. "काका, हे निम्मे. राहिलेले द्राक्षं सुरू झाली की. पावतीवर पण निम्मेच लिहा." मालक चिडायचे. "हिरे, ही काय धर्मशाळा आहे?" "धर्मशाळा असती तर निम्मे तरी कशाला दिले असते, काका?" आतून काकूंचं हसणं ऐकू यायचं. मी खाली भांडी घासत ऐकायचे आणि भांडी जोरात आपटायचे.

मग आमच्या ह्यांचा कारखाना बंद पडला. भाडं थकत गेलं. ह्यांनी युक्ती काढली. बाहेरून कुलूप लावून हे निघून जायचे, मी आत गप्प बसायचं. मालक कुलूप बघून परत जायचे. एका दुपारी ते दाराशी असतानाच माझ्या कुकरनं शिट्टी दिली. मालक ओरडले, "वा! आता कुलूप शिट्टी मारायला लागलं!" चाळ हसली. मग त्यांचा आवाज बदलला. "ह्या महिन्यात खोली रिकामी करा. लपणारा भाडेकरू मला नको."

मुलीचं दहावीचं वर्ष. जाणार कुठे? संध्याकाळी हिरा आली. "ताई, चला वर."

"तुझ्यासारखं हात पसरणं मला नाही जमायचं."

"हात कशाला पसरायचे? घरात काय आहे, काय नाही, ते सांगायचं. थकल्याचं त्यांना एवढं नाय वाटत, माणूस पळून जाईल याचीच धास्ती असते."

गेले. मी सगळं सांगितलं. शिवणाचं काम धरलंय, दर आठवड्याला थोडं थोडं देईन. मालकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हिराला म्हणाले, "तू म्हणतेस म्हणून." त्या दिवशी चहा मलाही मिळाला, तिच्याबरोबर आलेली म्हणून.

खोली राहिली. मुलगी त्याच खोलीतून दहावी झाली. थकलेलं सगळं मी मशीन चालवून फेडलं, पण ते 'तू म्हणतेस म्हणून' काही फिटलं नाही. हिराला मी कधी बरं म्हटलं नाही. "ताई, तुमचं नाक लय वर," म्हणायची आणि वाटीभर भाजी आणून द्यायची. भाजी चांगली असायची, त्याचाही राग यायचा...

हल्ली भाडं मालकांची सूनच गोळा करते. परवा कोपऱ्यातल्या खोलीतली नवी पोर तिला बघून झटकन आत पळाली. मी ओळखलं. दार वाजवून म्हटलं, "ए पोरी, भाडं थकलंय ना? चल वर. तारखेच्या आधी जायचं असतं." गुडघे धरत जिना चढले. पोर माझ्या पाठीमागे लपली, म्हणून मीच बोलले. सुनेनं मुदत दिली. आम्ही निघालो तर म्हणाली, "आजी, अगदी हिरामावशीच वर आल्यासारखं वाटलं."

जिना मी चढले, बोलले मी, आणि नाव परत तिचंच.