भूत, कराटे आणि अरबी सबटायटल्स

मंडळी, इथे दुबईत देऱ्यातल्या त्या सीडीवाल्याचं मी आता तोंड बघणार नाही. "हबीबी, फुल कराटे है, बच्चों के साथ देखो," म्हणाला, म्हणून आज दुपारी जेवण झाल्यावर मुलीला घेऊन बसलो.

निघाला जपानी भुताचा सिनेमा. भूत म्हणजे तोंडाला पीठ फासलेली बाई, आणि तिला लटकवलेली दोरी सरळ दिसत होती. हिरो तिच्यावर तलवार चालवतो आणि ती लढता लढता त्याला काहीतरी कळवळून सांगत राहते. सबटायटल्स फक्त अरबीत.

म्हटलं, काळजी नाही, आमची मृण्मयी पाच वर्षं शाळेत अरबी शिकतेय. तिने सगळं घडाघडा वाचून दाखवलं.

"अगं, पण याचा अर्थ काय?"

"नो आयडिया, बाबा. आय कॅन ओन्ली रीड इट."

भुताचं दुखणं काय होतं, शेवटपर्यंत कळलं नाही.

चिडून हे टाइप करत होतो, तर बया मागे येऊन उभी. म्हटलं, वाच, तुझ्याबद्दलच लिहिलंय.

स्क्रीनकडे बघत म्हणाली, "तूच वाच ना बाबा. मराठी मला फक्त ऐकून समजतं."

आता सांगा, सीडीवाल्यावर किती वेळ चिडायचं?