ट्रामवरून उतरण्याचा अभ्यास

माझ्या आईला चालत्या ट्रामवरून उतरता येत नव्हतं. कलकत्त्यात असं कुणाला सांगितलं तर तो हसायचाच. तिथे म्हाताऱ्या बायका हातात माशाची पिशवी घेऊन टुणकन उतरत. मीही हसले असते, पण त्या वर्षी आम्हा दोघींचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका पायरीवर अडकलं होतं आणि मला रात्रंदिवस त्या पायरीची धास्ती वाटत होती.

पन्नास सालानंतरची पहिलीच वर्षं. वडील केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते. त्यांची बदली झाली म्हणून आम्ही पुण्याहून इथे आलो आणि दुसऱ्याच पावसाळ्यात ते विषमज्वराने गेले. मिरजेच्या काकांनी लगेच बोलावणं धाडलं. काका वाईट नव्हते, पण मिरजेला जाणं म्हणजे काय हे मला नीट कळत होतं: आई जन्मभर काकूच्या चुलीपुढे, आणि मी कॉलेज सोडून कुठल्यातरी बिजवराच्या घरात. आईलाही ते कळत होतं. शेजारच्या बंगाली बाईंनी खटपट करून तिला शोभाबाजारजवळच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायचं काम मिळवून दिलं, आणि तिने काकांना कळवून टाकलं, की आम्ही इथेच राहतो.

शाळा सकाळची. आम्ही राहायचो पार दक्षिणेला, काळीघाटच्या ट्राम डेपोमागे. पहाटेची पहिली ट्राम पकडायची, एस्प्लनेडला बदलायची आणि चितपूर रोडने उत्तरेला जायचं. त्याआधी ट्रामच नाही, त्यामुळे लवकर निघण्याची सोयच नव्हती. डेपोत गाडी उभी असे, एस्प्लनेडलाही उभी असे. घोळ होता तो शेवटी, शोभाबाजारला. चितपूर रोड म्हणजे बोळच. ट्राम घरांना घासून जायची. त्या वेळी रस्ते गंगेच्या पाण्याने धुतलेले, दगड ओले, मागून बाजाराकडे निघालेले भाजीचे ठेले, आणि एकट्यादुकट्या उतारूसाठी ड्रायव्हर गाडी पूर्ण थांबवायचाच नाही. नुसती हळू करायचा.

पहिल्याच आठवड्यात आई तिथे पडली. कोपर सोलून घरी आली आणि स्वयंपाकाला लागली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "काही नाही, जरा घसरले." दुसऱ्या दिवसापासून तिने आपली युक्ती काढली. शोभाबाजारला उतरायचंच नाही. थेट बागबाजारला जायचं, तिथे ट्रामचा रस्ता संपतो, गाडी पूर्ण थांबते, तिथे सावकाश उतरायचं आणि तेवढं अंतर उलटं चालत यायचं. युक्ती झकास, पण शाळा भरलेली असायची. शाळेच्या मुख्य बाईंना सगळे बडदी म्हणत. बडदींनी दोनदा चालवून घेतलं, तिसऱ्यांदा एवढंच म्हणाल्या, "एइ मासटा देखबो." हा महिना बघेन, मग नाही.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकत होते. आमच्या एका सरांना कारखान्यांचं वेड होतं. कामगाराच्या हाताला चूक होते तेव्हा चाकाचा दांडा किती उंचावर आहे ते बघा, तो कुठे उभा राहतो ते बघा, त्याला भीती कशाची वाटते ते विचारा, असं ते सांगायचे. "दोष माणसाला देऊ नका, आधी काम बघा," हे त्यांचं पालुपद. घरातलं एखादं रोजचं काम निवडून त्याची अशी चिरफाड करा, असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. कुणी स्टोव्ह पेटवणं घेतलं, कुणी विहिरीचं पाणी काढणं. मी आईचं ट्रामवरून उतरणं घेतलं. बाकीच्यांना मार्क हवे होते. मला आई धडधाकट घरी परत यायला हवी होती.

माझं कॉलेज दुपारचं. आई पहाटे गेली की माझं वाचन बंद पडायचं. पुस्तक समोर, कान जिन्याकडे. वाटायचं, आता कुणीतरी अनोळखी माणूस धापा टाकत वर येईल आणि बंगालीत विचारेल, अमुक बाई इथेच राहतात का? खाली कुणाच्या चपला वाजल्या की मी उठून दाराशी जायची. दुपारी आईचा खोकला ऐकू येईपर्यंत मी माणसांत नसायची. वडील गेले तेव्हासुद्धा मी इतकी भ्याले नव्हते, कारण तेव्हा घाबरायला आई होती शेजारी.

मग मी तिच्याबरोबर जायला लागले. आधी संशय लुगड्यावर घेतला. पण नऊवारीचा काष्टा घातलेली आई त्या बंगाली साड्यांपेक्षा मोकळी पावलं टाकत होती, उगाच लुगड्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. मग पिशवी पाहिली. कात्री, कापड, डबा असं सगळं तिच्या एका हातात असायचं आणि दांडा धरायला एकच हात उरायचा. मी पिशवीला लांब पट्टा शिवला आणि ती खांद्याला अडकवली. आई बुटकी, वरचा दांडा तिला पुरायचा नाही, म्हणून खाली कुठे धरायचं ते दाखवलं. चपलांना मागे पट्टे लावून घेतले. जागेवरून कधी उठायचं, कुठल्या दुकानाची पाटी दिसली की पायरीवर यायचं, हेही ठरवून दिलं, म्हणजे ऐन वेळी घाई नको.

आता उरला पाय. ट्रामवरून डाव्या बाजूला उतरतात. डावा पाय आधी खाली टाकला की तोंड गाडीच्या दिशेला राहतं, चार पावलं गाडीबरोबर टाकली की झालं. उजवा आधी टाकला की अंग उलटं वळतं, गाडी पुढे, तोंड मागे, आणि माणूस उताणा. हे काही माझं संशोधन नव्हे. कलकत्त्याचा प्रत्येक कंडक्टर दिवसभर तेच ओरडत असतो, "बाँ पा आगे, मा, बाँ पा!" आईला ते पाठ झालं होतं. आमच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मी तिला रोज संध्याकाळी सराव करायला लावायची. खडूने रेघ मारायची, मी तोंडाने घंटी वाजवायची. आई हसू दाबत डावा पाय बरोबर रेघेवर टाकायची. एकदाही चुकली नाही. शेजारची मुलं टाळ्या वाजवायची.

आणि शोभाबाजारला, सगळं शिकवून, सगळं ठरवून, माझ्या डोळ्यांदेखत तिने उजवा पाय बाहेर काढला.

मी मागून तिचा दंड धरला म्हणून ती वाचली. कंडक्टरने दोरी ओढली, गाडी थांबली, लोक ओरडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी तिला पायरीवर येऊच दिलं नाही, आम्ही निमूट बागबाजारला गेलो आणि परत चालत आलो. बडदी दारात उभ्या होत्या. त्यांनी आईकडे आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. महिना संपत आला होता.

सरांना विचारलं तर म्हणाले, भीतीने शिकलेलं विसरायला होतं, सराव वाढवा. मला ते पटलं. आम्ही जिना आणखी झिजवला. आईचा डावा पाय रेघेवर, माझ्या मनात मात्र ओले दगड आणि ठेल्याची चाकं. मला भीतीची इतकी सवय झाली की जेवणाला चवच उरली नाही.

एका संध्याकाळी माझा तोल सुटला. आईने पुन्हा सुरेख डावा पाय टाकला आणि मी खडू भिंतीवर फेकून मारला.

"घरी येतं तुला! मग तिथे काय होतं? तुला मरायचंय का?"

आई जिन्यावरच बसली. मुलांना तिने हाताने घरी जायची खूण केली.

"ओरडू नकोस. विसरत नाही मी," ती म्हणाली. "मुद्दाम टाकते उजवा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"हा जिना आहे. इथे काय, कुठलाही टाकेन. तिथे माझा दिवस सुरू होतो. नव्या जागी पाय ठेवताना उजवा ठेवावा, हे मी लग्नाच्या दिवसापासून पाळत आले. एकदाच चुकले. तुझ्या बाबांना दवाखान्यात नेलं तेव्हा टॅक्सीतून मी आधी उतरले, घाईत. डावा पाय चिखलात पडला. मला तेव्हाच कळलं होतं."

"आई, बाबांना विषमज्वर झाला होता. पायाचा काय संबंध?"

"नसेल संबंध. तू शिकलेली आहेस." ती पदराने चेहरा पुसत राहिली. "पण मी बघते ना तुला. तूही त्या गाडीतून उतरतेस, रोज डावा टाकतेस. कॉलेजला जाताना, येताना, कसला विचार म्हणून नाही. मग एकीने तरी उजवा टाकायला नको का? मला आता दुसरं आहे कोण?"

मी महिनाभर तिच्या पायांवर डोळा ठेवून होते, आणि ती माझ्या. मी घाबरत होते तिच्यासाठी, आणि ती चालत्या गाडीतून उलटी पडायला तयार होती माझ्यासाठी. सरांच्या सगळ्या शिकवणीत ह्याला कुठे जागा होती? मला रडू येत होतं आणि तिचा संतापही येत होता.

वाद घालून उपयोग नव्हता, आईला वादात आजवर कुणी हरवलेलं नाही. मी म्हटलं, "बरं. एकीने उजवा टाकायचा ना? मग मी टाकते. तू डावा टाक."

सौदा तिला रास्त वाटला असावा. "नक्की टाकशील?"

"नक्की."

मी तरुण होते, चपळ होते, ट्रामवर चढण्या-उतरण्यात वाढलेल्या पोरींच्या बरोबरीने उतरत होते. मला कसली भीती, असं मी स्वतःला बजावलं. पण दुसऱ्या पहाटे चितपूर रोड सुरू झाला तसा मी समोरच्या बाकाचा दांडा घट्ट धरला. दुकानाची पाटी दिसली. आई ठरल्याप्रमाणे उठली, पिशवी खांद्याला, हात खालच्या दांड्यावर. गाडी हळू झाली. तिने ओठ घट्ट मिटले आणि डावा पाय खाली टाकला. चार पावलं ट्रामबरोबर चालली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. इतकं सोपं! मी आनंदाने ओरडणारच होते, तेवढ्यात कंडक्टर उतरायची घाई करत म्हणाला, "नामो, नामो," आणि आता माझी पाळी आहे हे मला आठवलं.

मला डावा टाकता आला असता. आई माझ्याच पायांकडे बघत होती. मी उजवा पाय बाहेर काढला. त्या क्षणी माझं अंग आपोआप वळलं, हात दांड्यावरून निसटला, गाडी कुठे आणि मी कुठे काही कळेना. तोंड मागे झालं आणि समोर कोबीने भरलेला एक ठेला सरळ माझ्याकडे येताना दिसला. आईला दर वेळी हे असं दिसत होतं, एवढंच तेव्हा डोक्यात आलं. पाठ दगडांवर आपटली. ठेलेवाल्याने सगळा भार देऊन चाकं वळवली, चार-दोन कोबी गडगडत माझ्या अंगावरून गेले, आणि चाक माझ्या वेणीच्या टोकाशी थांबलं. कानांत पाणी गेल्यासारखा आवाज येत होता. त्या आवाजातून आईची किंकाळी ऐकू आली.

तिने मला बखोट धरून उठवलं. आधी डोकं चाचपलं, मग पाठ, मग हात. कोपरातून रक्त येत होतं. काही मोडलेलं नाही याची खात्री झाल्यावर भर चितपूर रोडवर, ठेलेवाल्यादेखत, तिने मला असा धपाटा घातला की पडल्यापेक्षा तोच जास्त लागला.

"मूर्ख कार्टी! जीव गेला असता! कुणी सांगितलं होतं तुला उजवा टाकायला?"

"तूच!" मी रडत ओरडले.

"मी सांगेन काय वाटेल ते! तुला अक्कल नाही?" माझ्या केसांतला चिखल ती पदराने पुसत राहिली, पुसून झाला तरी पुसतच राहिली. "यापुढे डावा टाकायचा. ऐकलंस? दोघींनी."

आम्ही शाळेत पोहोचलो तेव्हा दरवाजा उघडत होता. बडदींनी आमच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि माझं कोपर धुवायला आम्हाला नळाकडे नेलं. आई त्या दिवशी वेळेवर होती. वर्गाची घंटा झाली तरी तिने माझं मनगट सोडलं नाही. मुली रांगेने आत गेल्या, आणि शिवणाच्या पहिल्या तासाला मी तिच्याशेजारी खुर्चीवर बसून राहिले, कारण तिला मला एकटीला ट्रामने घरी पाठवण्याचा धीर होत नव्हता.