गिटारीवरची कापूसवेचणी

मेहुणीच्या हळदीला ढोलकीवाला नको, माझी एकटी गिटारच पुरे, असं मी सासऱ्यांना सांगून बसलो. सांगितलं ते मोताळ्याच्या भर बाजारात, अर्धा तालुका ऐकत होता, म्हणून जरा जास्तच सांगितलं. सासऱ्यांनी तिथल्या तिथे ढोलकीवाल्याला नकार कळवला. बायको घरी येऊन एवढंच म्हणाली, "माहेरात माझं नाक कापू नका म्हणजे झालं."

नाक वाचवायला आठ दिवस होते. प्रकार दिसायला सोपा. उजव्या हाताच्या अंगठ्यानं जाड तारा छेडायच्या, बोटांनी बारीक, आणि मधेच त्याच हातानं तारांवर ठोका द्यायचा. गाणं आणि ढोलकी एकाच माणसाकडून. मोबाइलवरचा शिकवणारा हे हसत हसत करायचा. माझी बोटं चालली की ठोका रुसायचा, आणि ठोका बसला की बोटं एकमेकांना विचारायची, काऊन बे, पाळी कोणाची? मी इतकं ठोकलं की शेजारी दारावर कोण आलं म्हणून पाहायला उठून उठून थकले. शेवटी त्यांनी दारच काढून ठेवलं.

पाचव्या दिवशी बायको वैतागली. "वावरात चला."

वावरात कापूस फुटला होता. ती एका हातानं तीन बोंडं रिकामी करायची नि मूठ कमरेला बांधलेल्या ओटीत टाकायची. तोंडानं त्याच वेळी शेजारणीशी भांडण चालू. मला म्हणाली, "हाताकडे पाहून राह्यले का मी? वेच, वेच, वेच, टाक. तुमचा ठोका म्हणजे हे टाकणंच हाये."

तीन दिवस मी कापूस वेचला. एवढा, की जिनिंगवाल्यांनी गाड्या परत पाठवल्या म्हणतात. हात मात्र खरंच वळला.

हळदीच्या मांडवात गिटार छातीशी धरून मी सुरू केलं. पहिले तीन सूर असे सुटले की पाहुण्यांच्या हातातला चिवडा हातातच राहिला. चौथ्याला हात तारांवर थांबलाच नाही. गिटारीच्या कडेवरून सरळ खाली गेला, सवयीनं, ओटीत. ओटी नव्हती, पोट होतं. धप्प.

थांबावं तर ताल तुटतो. वेच, वेच, वेच, धप्प. बायकोनं पदर डोळ्यांपर्यंत ओढला. पण तोवर तिच्या आत्या नाचायला उठल्या होत्या, आणि नवरी हळदीच्या हातांनी टाळ्या देत होती.

सासरे जवळ येऊन माझ्या मागे वाकून पाहू लागले. "जवाईबापू, ढोलकी कुठं लपवली?"

"घरचीच हाये, बाबा," बायको पदराआडून म्हणाली.

तारांवरचा ठोका मला अजून जमलेला नाही. मध्यंतरी डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, पण बायको एक भाकरी कमी करू देत नाही. "माझ्या धाकट्या बहिणीचं लगन बाकी हाये," म्हणते. "पोट उतरलं तं आवाज बसन."