ताईचं नाव मी सांगितलं नाही

मी तिला ताई म्हणते. नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

आई गेल्यावर जालन्याकडचं गाव सोडून मी इंदूरला आले. सातवीतच शाळा सुटलेली. काम देणार म्हणालेला माणूस फोनच उचलेना. बसस्टँडवर पिशवी मांडीवर घेऊन रडत होते, तर बाजूला एक बाई येऊन बसली. सांवेर रोडवर पॅकिंगच्या कामाला जाणारी. तिने मला नाव विचारलं नाही, जात विचारली नाही. म्हणाली, "जेवलीस का?" तिने आपल्या खोलीत ठेवून घेतलं. सुदामा नगरात एका मराठी घरी स्वयंपाकाचं काम लावून दिलं. येशूचं तिने सांगितलं ते असंच, भाजी निवडता निवडता. आवडलं म्हणून मी धरलं.

त्या घरच्या आजींच्या गुडघ्यांना मी तेल लावायची. एकदा त्यांनी विचारलं, "गॅस पेटवायच्या आधी डोळे मिटून काय पुटपुटतेस गं?"

"प्रार्थना करते, आजी."

"कुणाची?"

सांगितलं. येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, तेही सांगितलं. आजी माझ्या तेलकट हातांकडे बघत राहिल्या. "गुरूने? शिष्यांचे?" दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, "हं, मग पुढे?" रोज थोडं थोडं होत गेलं. हे त्यांनी कौतुकाने लेकीला फोनवर सांगितलं. सुनेने, म्हणजे वहिनींनी, ते ऐकलं. मला मात्र काहीच बोलल्या नाहीत.

संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू होतं. सकाळपासून मी मटारच्या कचोऱ्या तळत होते. दरवर्षी वाणाची वाटी मला स्वयंपाकघराच्या दारातच मिळायची. हातात वाटी, "घे गं", संपलं. कुंकवाला हॉलमध्ये कुणी बोलावलं नव्हतं. त्या दिवशी वहिनींनी हाक मारली. "बाहेर ये जरा. सगळ्यांसमोर."

हॉल बायकांनी भरलेला. आजी खुर्चीत. वहिनींच्या हातात करंडा.

"लाव. बघू दे सगळ्यांना, तू कोण आहेस ते."

एक बाई म्हणाली, "ये लोग ऐसेच करतात. मीठी मीठी बातें, और फिर..." दुसरी म्हणाली, "तुझ्या येशूला पोहे-जलेबी चालते का गं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. भीतीने. काम गेलं तर ताईच्या गळ्यात पुन्हा पडायचं, एवढंच डोक्यात.

मान वाकवली. वहिनींनी कुंकू लावलं. बोट जोरात दाबलं, मग वाणाची वाटी हातात दिली.

कुंकवाची मला लाज नव्हती. माझी आई लावायची. एरवी आजींनी मायेने लावलं असतं तर मी लावूनही घेतलं असतं. लाज मान वाकवल्याची. अजून आरशात बघताना कपाळावरची ती जागा गरम होते.

मग वहिनी म्हणाल्या, "आता सांग, तुला कुणी शिकवलं हे? ती सांवेर रोडवाली ना? नाव बोल तिचं. पोलीस ठाण्यात देतो, धर्म बदलवते म्हणून. तिथे सुनव म्हणावं कथा."

मी आजींकडे बघितलं. त्या पदराचं टोक पिळत होत्या. वर बघितलंच नाही त्यांनी.

तेव्हा आत काहीतरी थांबलं. हसू थांबलं. भीती होतीच. पण ताईचं नाव जिभेवर येईना, आणि येऊ द्यायचंच नाही, हे कळलं.

म्हणाले, "आजींनी विचारलं, मी सांगितलं. जबरदस्ती कुणावर केली नाही. नाव सांगणार नाही. आणि वहिनी, कुंकू लावायचंच होतं तर इतकी वर्षं लावायचं होतं. आज तपासायला लावलंत."

वाटी टेबलावर परत ठेवली. चपला मागच्या दारात होत्या. तिकडे गेले, घातल्या, आणि हॉलमधून, सगळ्यांच्या मधून, पुढच्या दाराने बाहेर पडले.

ताईला सांगितलं तर म्हणाली, "कुंकू लावलं म्हणून येशू रुसतो होय? चल, जेव आधी." मी जेवले. लाज गेली नाही. नकोच जायला.

आता इंदूरजवळ सिमरोलला एका मेसमध्ये पोळ्या लाटते. कामाला नव्या पोरी येतात, लांबून, पिशवी छातीशी धरून. मी आधी जेवलीस का विचारते. त्यांनी विचारलं तर येशूचं सांगते. नाही विचारलं तर पोळी वाढते.

ताईचं मला फेडायचंय, आणि एक दिवस फेडीन. कुणीतरी येऊन दरडावून विचारील, हे इथे कोण बोलतं? तेव्हा ताईच्या दारापर्यंत ते जाणार नाही. मी पीठ झटकून पुढे होईन आणि म्हणेन, मी.

मान वर ठेवून.